आठ तास पन्नास मिनिटं

नाव : सेवापुस्तकात पाहावे. हुद्दा : ज्येष्ठ पडताळणी लिपिक, अंतर कक्ष, प्रवास विभाग. वय : सत्तावन्न. उंची : पाच फूट पाच इंच. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या तर्जनीवर दोऱ्याचा वळ. कामाचे स्वरूप : कोणत्याही दोन देशांतील कोणत्याही दोन शहरांमधील हवाई अंतर व उड्डाणाचा कालावधी निश्चित करून तसे प्रमाणित करणे. सेवा : चौतीस वर्षे. आजवर दिलेली प्रमाणपत्रे : अकरा हजार चारशे सहा. त्यांपैकी चुकीची आढळलेली : निरंक.

हा मजकूर खात्याचा आहे आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

कार्यालयात त्यांना सगळे दोरेबुवा म्हणत. खात्याची माणसं कामासाठी देशोदेशी जात आणि त्यांच्यासाठी प्रवास विभागाने एक नियम करून ठेवला होता. विमानात नऊ तासांपेक्षा जास्त वेळ बसावं लागलं तर उतरल्यावर एक दिवस विश्रांती. नऊ तास किंवा त्याहून कमी असेल तर उतरायचं, तोंड धुवायचं आणि कामाला लागायचं. नियम एका ओळीचा होता. त्या एका ओळीच्या अंमलबजावणीसाठी एक खोली, दोन लोखंडी कपाटं, फुटबॉलच्या दुपटीएवढा पृथ्वीचा गोल आणि दोरेबुवा एवढा सरंजाम होता.

नोकरीच्या सुरुवातीला ते गोलावर मेण लावलेला दोरा ताणून अंतर काढत. पुढे संगणक आला, त्यात शहरांची नावं घातली की किलोमीटर दिसू लागले. त्या किलोमीटरांना आठशे वीसने भागायचं आणि चढण्या-उतरण्याची मिळून तीस मिनिटं वर घालायची, की झाला उड्डाणाचा कालावधी. संगणकाचं उत्तर आलं की दोरेबुवा ते दोऱ्याने तपासत. संगणक चुकतो म्हणून नव्हे. त्याला शेफारू द्यायचं नाही म्हणून.

नऊ तासांच्या आसपासची शहरं ही त्यांची रणभूमी होती. एकदा करार विभागाचे उपप्रमुख भिंतीवरचा नकाशा काखेत गुंडाळून आणि हातात फूटपट्टी घेऊन आले.

"हे बघा दोरेबुवा, मी स्वतः मोजलंय. नऊ तास वीस मिनिटं होतात. तुम्ही आठ पंचावन्न दिलेत."

"नकाशा सपाट आहे, साहेब."

"मग?"

"पृथ्वी नाही."

"अहो, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे!"

"सहा. नऊपेक्षा जास्त हवेत."

"सहा तर सहा. विमान धावपट्टीवर नुसतं उभं राहिलं तरी सहा मिनिटं जातात."

"उभं राहिलेलं विमान माझ्याकडे येत नाही. ते समोर, वेळापत्रक कक्षात."

"पृथ्वी जरा मोठी धरली तर तुमचं काय जातंय?"

"माझी असती तर धरली असती," दोरेबुवा म्हणाले आणि शिक्का उचलला.

समोरचा वेळापत्रक कक्ष म्हणजे मधल्या बोळापलीकडची खोली. तिथे एक बाई सतरा वर्षं बसत होत्या. कोणतं विमान कोणत्या वारी, किती वाजता आणि कुठे थांबून जातं, हे त्यांचं खातं. दोन्ही दारं दिवसभर उघडी असत. सतरा वर्षांत त्या दारांमधून पंच, टाचणीची डबी आणि एकदा छत्री एवढी देवाणघेवाण झाली होती. माहितीची नाही, कारण तशी गरजच पडत नव्हती. नियमाला अंतर हवं होतं, विमान नव्हे. प्रत्यक्षात माणूस कसा जातो, कुठे उतरतो, कुठे तिष्ठत बसतो, हे धरायला लागलं तर जो तो वाकडी वाट करून विश्रांती मागेल, म्हणून नियम करणाऱ्यांनी ते मुद्दामच धरलं नव्हतं. दोरेबुवांनी एकदा अशा शहराचंही प्रमाणपत्र दिलं होतं की जिथे विमानतळच नव्हता. सात तास पाच मिनिटं. नियमात विमानतळ असावा असं कुठे म्हटलेलं नव्हतं.

अशा माणसाची मुलगी लग्न करून परदेशात गेली, तेव्हा बायकोने पहिला प्रश्न विचारला तो अर्थातच त्यांच्या अखत्यारीतला होता.

"अहो, किती लांब आहे हो?"

त्यांनी दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन दोरा ताणला, आकडेमोड केली आणि संध्याकाळी बूट काढता काढता सांगितलं, "सहा हजार आठशे चौतीस किलोमीटर. आठ तास पन्नास मिनिटं."

"म्हणजे सकाळी जेवून निघाली तर..."

"रात्रीच्या जेवणाला घरात."

बायकोचा जीव भांड्यात पडला. नऊ तासांच्या आत म्हणजे नवऱ्याच्या खात्याच्या हिशेबानेसुद्धा विश्रांती लागत नाही इतकं जवळ. तिने ते शेजारणीला सांगितलं, दुधवाल्याला सांगितलं, जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. कुणी "एकुलती एक, आणि इतक्या लांब दिलीत?" असं हळहळलं की ती म्हणे, "छे हो, लांब कुठली? पुरते नऊ तासही नाहीत. आमच्या ह्यांनी मोजलंय." कुणाच्या घरातलं माणूस शिंपी असतं, कुणाचं वैद्य असतं; तसा आपला माणूस अंतराचा, आणि आपल्यापुरतं अंतर त्याने कमी करून दिलंय, असा काहीसा तिचा समज होता.

तिकीट जावयाने परस्पर काढलं होतं. मुलीला निरोप देऊन दोघं घरी आले. विमान सुटल्यापासून सव्वीस तासांनी तिचा फोन आला, "बाबा, पोहोचले." दोरेबुवांनी मनाशी वजाबाकी केली. सतरा तास दहा मिनिटं. इतका वेळ नव्या नवरीला आईबापांची आठवण झाली नाही, हे त्यांना जरासं लागलं. पण त्यांनी मोठ्या मनाने विचारलं नाही. न विचारणं हा त्यांच्या घरातला मोठेपणा होता. त्याची किंमत चार वर्षांनी कळली.

चार वर्षांत मुलीला नोकरी लागली, मग सात महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली. त्या सात महिन्यांच्या बाईंना घरात पिटुकली म्हणत. बायकोचं हृदय दोन वर्षांपासून कमजोर होतं. दोन जिने चढली की कठड्याला धरून उभी राही. डॉक्टरांनी विमान वर्ज्य केलं होतं, त्यामुळे बाळंतपणाला जाणं झालं नाही. पिटुकली फोनच्या काचेत दिसे. आजी काचेवर बोट फिरवी, की चित्र मोठं होई आणि पिटुकलीचं नुसतं नाक उरे.

"हे काय मेलं," ती फोन खाली ठेवत म्हणे, "मांडीवर काही वजन लागत नाही."

मांडीवर वजन लागणं, एवढीच तिची मागणी होती.

त्या वर्षी एका शनिवारी तिच्या पायांवर सूज आली, श्वास लागला आणि तिला रुग्णालयात दाखल केलं. तिसऱ्या मजल्यावरची दोन खाटांची खोली. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची, तिच्यावर वाळत घातलेल्या चादरी. सोमवारपर्यंत सूज उतरली, ती उशीला टेकून बसू लागली, नाकात नळी असूनही नर्सच्या लग्नाची चौकशी करू लागली. सोमवारी दुपारी डॉक्टरांनी दोरेबुवांना बोळात बाजूला घेतलं. डॉक्टर तरुण होते. वाईट बातमी सांगताना कानाची पाळी चोळायची त्यांना सवय होती.

"आज बऱ्या वाटताहेत, पण हृदय फारच थकलंय. मला गुरुवारी पुन्हा तपासणी करायचीय, त्यावर पुढचं ठरेल. बाहेरगावी कोणी आहे का?"

"मुलगी. परदेशात असते."

"यायला किती वेळ लागेल?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न अकरा हजार चारशे सहा वेळा विचारला गेला होता. दोरेबुवांनी आवाजही न बदलता उत्तर दिलं, "आठ तास पन्नास मिनिटं."

डॉक्टरांनी कानाची पाळी सोडली. "अरे, मग ठीक आहे. मला वाटलं दोनेक दिवस लागतील. मग गुरुवारपर्यंत थांबायला हरकत नाही. तसं काही वाटलं तर मी तुम्हाला एक दिवस आधी सांगेन."

एक दिवस म्हणजे चोवीस तास. नऊ वजा केले तरी पंधरा तास हाताशी. दोरेबुवा खोलीत परतले ते जवळजवळ हलके होऊन.

खोलीत मेव्हणी होती. बायकोची थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली, आणि अजूनही समोरचा माणूस गृहपाठ न करता आलाय अशा नजरेने बघणारी. तिने सगळं ऐकलं आणि पिशवीची चेन खसकन ओढली.

"भाऊजी, आजच्या आज बोलवा पोरीला."

"ताई, तिला दहा दिवसांची रजा आहे. वर्षाची. आत्ताच कामावर रुजू झालीये. आज बोलावली, आणि ही बरी होऊन घरी आली, आणि पुढे खरंच गरज लागली तर?"

"बरी झाली तर चांगलंच आहे की! लेक भेटली म्हणून कुणी आजारी पडत नाही."

"गुरुवारपर्यंत वेळ आहे, डॉक्टरच म्हणाले."

"डॉक्टर तुमच्या तासांवर बोलले. तुमच्या तासांवर माझ्या बहिणीचा जीव टांगू नका, सांगून ठेवते."

खाटेवरून बायको म्हणाली, "अगं ताई, त्यांना का बोलतेस? मीच सांगितलंय, तिला घाबरवू नका म्हणून. वेळ आली की बोलवायचं. सकाळी कळवलं तर संध्याकाळी दारात. हो ना हो?"

"हो," दोरेबुवा म्हणाले.

त्या रविवारी आणि सोमवारीही मुलीचा फोन आला होता. दोन्ही वेळा आईने "जरा पाय सुजलेत, बाकी काही नाही" म्हणून पिटुकलीचा आवाज ऐकवायला सांगितलं होतं. तिकडून पिटुकलीने एकदा खाकरल्यासारखं केलं. आजीने ते नर्सला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला आणि सफाईला आलेल्या मावशींना करून दाखवलं.

मंगळवार असाच गेला.

बुधवारी सकाळी पावणेसातला डॉक्टरांचा फोन आला. पहाटेपासून रक्तदाब खाली येतोय, गुरुवारच्या तपासणीची वाट बघण्यात अर्थ नाही, मुलीला बोलवून घ्या. दोरेबुवांनी रुग्णालयाचा जिना चढता चढताच सातला मुलीला फोन लावला. ती रडली नाही. म्हणाली, "तिकीट बघते, लगेच कळवते." त्यांनी खिशातून पेन काढून रुग्णालयाच्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : सात अधिक आठ पन्नास, दुपारी तीन पन्नास. विमानतळावरून इथवर एक तास. उगाच घाई नको म्हणून दहा मिनिटं आणखी. पाच.

"संध्याकाळी पाचला येतेय," त्यांनी बायकोला सांगितलं. "पिटुकलीला घेऊन."

तिची कातडी रात्रीत कागदासारखी झाली होती. तरी त्या कागदावर रंग चढला. "ताईला फोन करा. कंगवा घेऊन ये म्हणावं. आणि तो निळा गाऊन. हा असला रुग्णालयाचा बघून पोर भ्यायची." मग जरा दम घेऊन, "तिला मांडीवर कसं घ्यायचं हो, ही नळी असताना?"

"डाव्या बाजूने," दोरेबुवा म्हणाले. त्यांनी तोही विचार करून ठेवला होता.

साडेआठला मुलीचा फोन आला. ते बोळात गेले.

"बाबा, सीट मिळाली. मी उद्या दुपारी पोहोचते. दोनपर्यंत रुग्णालयात."

"उद्या? उद्या का? अगं आज ये."

"आजच निघतेय, बाबा. तुमच्या संध्याकाळी सातला विमान आहे. मग पाच तास, मग मध्ये साडेसहा तास थांबायचं, मग दुसरं विमान सहा तासांचं..."

"मध्ये कशाला थांबतेस? थेट ये ना!"

"थेट विमान नाहीये."

"असं कसं नाही? आठ तास पन्नास मिनिटं आहे!"

पलीकडे पिटुकली रडत होती. मुलीचा आवाज तिच्या वरून आला, "बाबा, काय आठ पन्नास? इथून तिथे थेट विमान नाहीच. कधीच नव्हतं. मी आले तेव्हासुद्धा दोन विमानं बदलून आले होते, तुम्हाला माहीत नाही का?"

माहीत नव्हतं. ते सतरा तास दहा मिनिटं ती कुठल्यातरी तिसऱ्या देशातल्या बाकावर बसली होती, आणि इकडे हे मोठ्या मनाने गप्प राहिले होते.

"बाबा? आई ठीक आहे ना? सोमवारी तर हसत होती."

"तू निघ," ते म्हणाले.

खातं रुग्णालयापासून दहा मिनिटांच्या चालीवर होतं. दोरेबुवा पळत गेले असं म्हणता येणार नाही, पण पहारेकऱ्याने सांगितलं की त्यांनी ओळखपत्र दाखवलं नाही, आणि हे चौतीस वर्षांत पहिल्यांदा. ते स्वतःच्या खोलीकडे न वळता समोरच्या दारातून आत गेले. वेळापत्रक कक्षातल्या बाई नुकत्याच येऊन पर्स खणात ठेवत होत्या.

"बाई, या दोन शहरांमध्ये विमान आहे का?" त्यांनी पावतीच्या त्याच कोऱ्या बाजूवर दोन्ही नावं लिहून ती पुढे केली.

बाईंनी चष्मा लावला. पडद्याकडे बघायचीही त्यांना गरज पडली नाही. "थेट? नाही हो. अहो, या जोडीचं अंतर तर तुमच्याच हातचं आहे, मागे तुमच्या कक्षाच्या नोंदवहीत वाचलं होतं."

"नोंदवहीत अंतर आहे. विमान नाही."

बाईंनी मान वर केली. काय ते त्यांना दोरेबुवांच्या चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण पुढचं त्या बसायला न सांगता बोलल्या आणि बोलता बोलता पडद्यावर शोधायला लागल्या. "कोण येतंय? मुलगी? निघाली का? कुठलं विमान घेतलंय? हे... हो, यात थांबा फार आहे. एक मिनिट. दुसऱ्या बाजूने बघू या. इथून असं गेलं तर... हे बघा, हे पहाटे चारला उतरतं! आठ तास वाचतात."

"कधी सुटतं?"

बाई थांबल्या. "चाळीस मिनिटांनी."

दोरेबुवांनी तरी फोन लावला. मुलगी म्हणाली, विमानतळ घरापासून दोन तासांवर आहे. हे दोन तास कोणत्याही नोंदवहीत नव्हते.

"काल असतं तर?" त्यांनी बाईंना विचारलं. "किंवा परवा?"

"बुवा, नका विचारू."

"सांगा हो. तुमचंच काम आहे ते."

बाईंनी सांगितलं, कारण कामच होतं. सोमवारी दुपारी कळवलं असतं तर आज घेतलंय तेच संध्याकाळी सातचं विमान धरून मुलगी मंगळवारी दुपारी आली असती. मंगळवारी आई उशीला टेकून बसली होती आणि पिटुकलीच्या खाकरण्याची नक्कल करत होती.

"सतरा वर्षं समोर बसलेय मी," बाई हलकेच म्हणाल्या. "एकदा विचारायचंत ना."

दोरेबुवा रुग्णालयात परतले तोवर मेव्हणीने बहिणीचे केस विंचरून घातले होते. निळा गाऊन चढला होता. खाटेच्या डाव्या बाजूचं टेबल सरकवून तिथे खुर्ची ठेवली होती, मुलीला बसायला. बायको घड्याळाकडे बघत होती.

"जरा उशीर होतोय," ते म्हणाले.

"किती?"

"उद्या दुपारपर्यंत."

मेव्हणीच्या हातातला कंगवा तिथेच राहिला. ती तोंड उघडणार तोच बायकोने डोळ्यांनी तिला थांबवलं.

"का हो? गणित चुकलं?"

"गणित बरोबर आहे."

"मग?"

"विमान नाहीये."

तिला आधी समजलं नाही. मग समजलं, आणि ती हसायला लागली. हसताना खोकला आला, नळी सरकली, नर्स धावत आली, तिने नळी बसवली आणि दोरेबुवांकडे रागाने पाहिलं. सगळं निवल्यावर बायको कुजबुजल्यासारखी म्हणाली, "चौतीस वर्षं नुसतं गणितच उडवलंत होय!"

दोरेबुवांनी खाली सरकलेली चादर तिच्या पायांवर ओढली.

"तोंड पाडू नका आता. मला एवढंच सांगा, मला किती तास धरायचंय?"

दोरेबुवांनी पावती काढली. आता कोरी जागा फारशी उरली नव्हती. या वेळी त्यांनी सगळं धरलं : मुलीचं घर ते विमानतळ, तिथली रांग, पहिलं विमान, बाक, दुसरं विमान, सामानाचा पट्टा, टॅक्सी, रुग्णालयाची लिफ्ट बंद असते म्हणून जिना. त्यांनी आयुष्यात केलेलं हे पहिलं खरं गणित असावं. "उद्या दुपारी दोन दहा. आत्ता दहा वाजलेत. अठ्ठावीस तास, दहा मिनिटं."

"दहा मिनिटं कशाला घातलीत?"

"जिना आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि डोळे मिटले; झोपण्यासाठी नव्हे, कामाला लागलेल्या माणसासारखे.

त्यानंतर ती फार बोलली नाही. मधूनच विचारायची, "किती?" आणि ते सांगायचे. चोवीस. एकवीस. संध्याकाळी सातला विमान सुटल्याचा मुलीचा निरोप आला तेव्हा एकोणीसवर होतं. "सुटलं म्हणे," त्यांनी सांगितलं. तिने बोट उचललं, म्हणजे ऐकलं. मेव्हणी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला बोलायचं होतं ते सगळं ती सोमवारीच बोलून चुकली होती, आणि बरोबर ठरण्याचा तिला काही उपयोग नव्हता.

गुरुवारी सकाळी डॉक्टर दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला नाही.

"मला म्हणाला होतात नऊ तास," ते दोरेबुवांना म्हणाले. तक्रारीच्या सुरात नव्हे. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"आठ पन्नास," दोरेबुवा म्हणाले. दुरुस्ती करायची सवय अशी वाईट.

साडेनऊच्या सुमाराला तिने पुन्हा विचारलं. आवाज नव्हता, नुसते ओठ हलले. दोरेबुवांनी घड्याळ पाहिलं. खरा आकडा चार तास चाळीस मिनिटं असा होता. ते वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "आलीच. खाली आहे, जिन्यात."

चौतीस वर्षांत कुणाला पाच मिनिटं कमी-जास्त न करणाऱ्या माणसाने चार तास चाळीस मिनिटं एका दमात खोडली. तिने मान दाराकडे वळवली. दाराकडे बघता बघताच, नऊ चाळीसला, ती गेली.

मेव्हणीने ते वाक्य ऐकलं होतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "भाऊजी, हे तेवढं बरं केलंत." दोघांच्या नात्यात त्यांना तिच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि दोरेबुवांना ती कुठे ठेवावी ते कळेना.

मुलगी दोन वाजून सहा मिनिटांनी आली. विमान थोडं लवकर उतरलं होतं. तोवर खोलीतल्या त्या खाटेवर नवी चादर घातली होती आणि आईला खाली, तळमजल्यावरच्या थंड खोलीत नेलं होतं. वडील जिन्याच्या तोंडाशी उभे होते. पिटुकली तिच्या खांद्यावर झोपली होती, एक मोजा कुठेतरी गळून पडला होता. मुलीने वडिलांकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि मग तिला काही सांगावं लागलं नाही.

"सोमवारी का नाही सांगितलंत, बाबा?"

या प्रश्नाची उत्तरं बरीच होती. तुझी रजा. तुझ्या आईनेच सांगितलेलं. डॉक्टर गुरुवार म्हणाले होते. सगळी खरी, प्रत्येकावर शिक्का मारता आला असता. दोरेबुवा म्हणाले, "मला वाटलं, तू जवळ आहेस."

मुलगी पायरीवर खाली बसली. त्यांनी पिटुकलीला घेतलं, डाव्या बाजूने. ती जागी झाली, अनोळखी चेहरा पाहिला आणि सगळा जिना दणाणून सोडला. बरीच जड होती. साडेसात किलो असेल, त्यांच्या हाताने सांगितलं, अंदाजे.

सेवापुस्तकातली त्या महिन्याची नोंद पुढीलप्रमाणे आहे. रजा : चौदा दिवस, मंजूर. कारण : कौटुंबिक. मुख्यालय सोडले : नाही. हवाई प्रवास : लागू नाही. विश्रांतीचा दिवस : लागू नाही. शेरा : कर्मचारी पंधराव्या दिवशी वेळेवर हजर, प्रलंबित प्रमाणपत्रे, एकूण नऊ, त्याच दिवशी निकाली काढली.

मुलीच्या दहा दिवसांच्या रजेतले तीन दिवस येण्याजाण्यात गेले.